स्वातंत्र्यदिनाची प्रश्नमंजूषा: सातारा-सांगलीच्या प्रश्नांत ‘जिल्हा’ कोणता धरावा?

वाचनालय कार्यकर्ती, पलूस तालुका

सर्वांना नमस्कार. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयातर्फे १५ ऑगस्टला ध्वजवंदनानंतर आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी इतिहासाची प्रश्नमंजूषा घेतली जाते. निम्मे प्रश्न देशाच्या स्वातंत्र्यलढ्यावर आणि निम्मे आपल्या भागावर असावेत, असा आमचा आग्रह असतो, कारण चंपारण आणि दांडी मुलांना पाठ असते, परंतु ज्या कुंडलवरून त्यांची शाळेची एस. टी. रोज जाते त्या कुंडलमध्ये काय घडले हे त्यांना सांगता येत नाही.

अडचण स्थानिक प्रश्नांची आहे. गेल्या वर्षी ‘क्रांतिसिंह नाना पाटील यांचा जन्म कोणत्या जिल्ह्यात झाला?’ या प्रश्नाला एका संघाने सातारा आणि दुसऱ्या संघाने सांगली असे उत्तर दिले, आणि दोन्ही संघांकडे आपापल्या उत्तराला आधार देणारी छापील पुस्तके होती. परीक्षकांनी दोघांनाही गुण दिले, पण मुलांचे समाधान झाले नाही. यशवंतराव चव्हाणांच्या देवराष्ट्रे गावाबद्दलही हाच घोळ होतो. या वर्षी आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी ‘१५ ऑगस्ट १९४७ रोजी सांगली शहर कोणाच्या अमलाखाली होते?’ हा प्रश्न सुचविला आहे. तो मला फार आवडला, परंतु त्याचे नेमके उत्तर कसे लिहावे हे ठरत नाही.

आपणांपैकी ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. मला केवळ प्रश्नांची यादी नको आहे. प्रश्न कसा विचारला म्हणजे उत्तर निर्विवाद राहील आणि मुलांना त्यातून काही समजेल, हे हवे आहे.

निवृत्त इतिहास शिक्षक, कराड

ताई, आपला प्रश्न फार महत्त्वाचा आहे. वाद उत्तराचा नाही. प्रश्नात काळ सांगितलेला नसतो, म्हणून वाद होतो. आजचा सांगली जिल्हा स्वातंत्र्यलढ्याच्या काळात अस्तित्वातच नव्हता. सातारा जिल्ह्याच्या दक्षिणेकडील वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हा भाग आणि विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख एकत्र करून १ ऑगस्ट १९४९ रोजी ‘दक्षिण सातारा’ नावाचा जिल्हा करण्यात आला आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याचे नाव सांगली झाले. त्यामुळे ३ ऑगस्ट १९०० रोजी वाळवा तालुक्यात जन्मलेले येडेमच्छिंद्रचे नाना पाटील जन्माच्या वेळी सातारा जिल्ह्यातले होते आणि त्यांचे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ चा, देवराष्ट्र्याचा. तिथेही हीच गोष्ट लागू पडते. ‘त्या वेळच्या कोणत्या जिल्ह्यात’ किंवा ‘आजच्या कोणत्या जिल्ह्यात’ एवढे दोन शब्द घातले की प्रश्न निर्विवाद होतो. नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली इंग्रजी राज्याला समांतर चाललेल्या लोकांच्या सरकारला ‘साताऱ्याचे प्रतिसरकार’ असे आपण म्हणतो, तरी त्याची बहुतेक ठळक केंद्रे आज सांगली जिल्ह्यात का दिसतात, याचाही उलगडा मुलांना त्यातूनच होतो.

मी तर असे सुचवीन की ‘जिल्हा कोणता’ हा प्रश्न एका गुणाचा ठेवावा आणि त्याच्या जोडीला कारण विचारणारा प्रश्न अधिक गुणांचा ठेवावा. उदाहरणादाखल १९४२ च्या मोर्चांचा क्रम घ्या. ८ ऑगस्टला मुंबईत गोवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेते पकडले गेले. आपल्याकडे २४ ऑगस्टला कराडच्या कचेरीवर बाळकृष्ण पाटील उंडाळकर यांच्या नेतृत्वाखाली मोर्चा गेला. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर मोर्चेकऱ्यांनी तिरंगा चढविला आणि मामलेदारांना गांधी टोपी घालावी लागली. रक्तपात न होता सरकारी कचेरी लोकांपुढे नमली, ही वार्ता गावोगाव पसरली आणि लोकांचा हुरूप वाढला. सरकारनेही त्यातून धडा घेतला. ९ सप्टेंबरला वडूज येथे आणि लगोलग १० सप्टेंबरला इस्लामपूर येथे मोर्चांवर गोळीबार झाला.

येथे मुलांना थांबवून विचारावे: ‘या दोन गोळीबारांनंतर चळवळीची पद्धत का बदलली?’ उघड्या मोर्चात निःशस्त्र माणसे बळी पडतात, म्हणून कार्यकर्ते भूमिगत झाले. पुढे १९४३ पासून १९४६ पर्यंत गावोगाव न्यायदान मंडळे, तूफान सेना हे कार्यकर्त्यांचे लढाऊ दल, कमी खर्चाची गांधी-लग्ने, दारूबंदी आणि गुंडांचा बंदोबस्त अशी कामे करणारे प्रतिसरकार उभे राहिले. देशपातळीवरचा प्रश्न जोडायचा असेल तर तो येथेच जोडता येतो. उत्तर प्रदेशातील बलिया येथे चित्तू पांडे यांच्या पुढाकाराने ऑगस्ट १९४२ मध्ये उभे राहिलेले सरकार थोडेच दिवस टिकले. बंगालमधील तामलुकचे ‘ताम्रलिप्त जातीय सरकार’ डिसेंबर १९४२ पासून सप्टेंबर १९४४ पर्यंत चालले. साताऱ्याचे प्रतिसरकार या दोहोंपेक्षा अधिक काळ टिकले. ही तुलना विद्यार्थ्याने स्वतः मांडली तर त्याला पूर्ण गुण द्यावेत, मग त्याची एखादी तारीख चुकली तरी चालेल, असे माझे मत आहे.

खटावचा रहिवासी

गुरुजींनी वडूजचा उल्लेख केला म्हणून एवढेच लिहितो. ९ सप्टेंबरच्या मोर्चाचे नेतृत्व वडगावचे परशुराम घार्गे यांनी केले होते आणि हातात तिरंगा असतानाच त्यांना गोळ्या लागल्या. त्या मोर्चात नऊ जण हुतात्मा झाले. खटाव तालुका आजही सातारा जिल्ह्यातच असल्याने या प्रश्नात जिल्ह्याचा वाद येत नाही. प्रश्नमंजूषेत मात्र वडूजचे नाव क्वचितच येते, कारण प्रश्न काढणारे बहुधा कृष्णाकाठचे असतात. माणदेशाच्या सीमेवरच्या या गावांनी दिलेले मोल मोठे आहे. तेव्हा ‘वडूज येथे किती हुतात्मे झाले?’ एवढाच प्रश्न कृपया ठेवू नये. ‘वडूजच्या हुतात्म्यांपैकी मोर्चाच्या अग्रभागी असलेल्या कार्यकर्त्याचे नाव सांगा’ असे विचारावे. माणसाचे नाव मुलांच्या तोंडी राहिले पाहिजे.

इस्लामपूरच्या बाबतीतही तसेच करता येईल. तेथे किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातील अभियंता उमाशंकर पंड्या आणि कामेरीचे विष्णू बारपटे यांना वीरमरण आले. एक यंत्रशाळेत काम करणारा सुशिक्षित आणि एक खेड्यातला कार्यकर्ता एकाच दिवशी एकाच मोर्चात पडले, ही गोष्ट मुलांनी समजून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

आटपाडीकर

किर्लोस्करवाडीचा विषय निघाला आहे, तर ताईंच्या मूळ प्रश्नातील अधिक अवघड भागाकडे वळू. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात आजच्या सांगली जिल्ह्याचा नकाशा एकसंध नव्हता. गोधडीतल्या तुकड्यांप्रमाणे इंग्रजी मुलूख आणि संस्थानी मुलूख एकमेकांत मिसळलेले होते. वाळवा, तासगाव, शिराळा हा इंग्रजी मुलूख होता. सांगली, थोरली मिरज आणि धाकटी मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती आणि जतला डफळे यांचे संस्थान होते. आमची आटपाडी, आपल्या शेजारचे कुंडल आणि किर्लोस्करवाडी ही गावे औंध संस्थानात मोडत होती. औंधची एकूण ७२ गावे अशीच दूरदूर विखुरलेली होती.

म्हणूनच ‘प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांना कुंडल सुरक्षित का वाटत होते?’ हा प्रश्न अवश्य घ्यावा. कुंडल संस्थानी हद्दीत असल्यामुळे इंग्रजी पोलिसांना तेथे आपल्या मर्जीप्रमाणे शिरता येत नसे. शिवाय त्या संस्थानाचा राजाच लोकांच्या बाजूचा होता. भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ च्या जानेवारीत आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली आणि स्वतःचे अधिकार मर्यादित करून घेतले. त्या घटनेच्या घडणीत महात्मा गांधींचा सल्ला होता, बाळासाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत होते आणि मॉरिस फ्रिडमन हे पोलंडचे अभियंतेही होते. ग्रामपंचायत हा त्या राज्यकारभाराचा पाया होता. देशाला संविधान मिळण्याच्या अकरा वर्षे आधी आपल्या कोपऱ्यातल्या एका लहानशा राज्यात हे घडले, याचा मला फार अभिमान वाटतो.

त्याच सुमारास, म्हणजे १९३९ मध्ये, आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही बंद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंती आणि गजांऐवजी शेती आणि कुटुंब यांच्या आधाराने बंद्यांना पुन्हा समाजात उभे करण्याचा तो प्रयोग होता. माझ्या अनुभवात स्वतंत्रपूरचे नाव आटपाडी तालुक्याबाहेरच्या फारच थोड्या मुलांना ठाऊक असते. ‘स्वातंत्र्यपूर्व काळात भिंतीविना तुरुंग कोठे उभा राहिला?’ असे विचारून पाहा.

वाचनालय कार्यकर्ती, पलूस तालुका

गुरुजी, आपले आणि इतर दोघांचेही मनापासून आभार. औंधची हद्द कुंडलपर्यंत होती हे आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात येत असे, परंतु प्रतिसरकारच्या कामाशी त्याचा संबंध इतक्या स्पष्टपणे कोणी मांडला नव्हता. जिल्ह्याच्या प्रश्नाला आता ‘त्या वेळच्या’ आणि ‘आजच्या’ अशी दोन वेगळी उत्तरे ठेवीन.

आणखी दोन गोष्टी विचारते. सांगली शहराबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर नेमक्या कोणत्या शब्दांत लिहावे? आणि आमच्या स्पर्धेत मुलींचे संघ अधिक असतात, तर या लढ्यातील आपल्या भागातल्या स्त्रियांवर खात्रीने विचारता येतील असे प्रश्न कोणी सुचवील का? राष्ट्रध्वज आणि लाल किल्ला यांबद्दलही निरनिराळी उत्तरे वाचायला मिळतात. त्यांवरही थोडे लिहावे.

सांगलीकर वाचक

सांगलीच्या प्रश्नाचे उत्तर मी असे लिहीन: ‘१५ ऑगस्ट १९४७ रोजी सांगली शहर हे भारतात सामील झालेल्या सांगली संस्थानची राजधानी होते. ८ मार्च १९४८ रोजी हे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.’ सामीलनामा वेगळा आणि विलीनीकरण वेगळे, एवढा फरक नववी-दहावीच्या मुलांना सहज समजतो. सामीलनाम्याने संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे विषय भारत सरकारकडे गेले आणि दैनंदिन कारभार राजाकडे राहिला. विलीनीकरणानंतर संस्थानच उरले नाही. औंध, फलटण, मिरज, जत ही संस्थानेही याच रीतीने मुंबई प्रांतात आली. त्या दिवशी तासगावचा शेतकरी इंग्रजी राज्यातून मुक्त झाला आणि सांगलीचा शेतकरी मात्र पुढचे काही महिने स्वतंत्र भारतातल्या एका संस्थानाचा प्रजाजन राहिला, हे मुलांना जरूर सांगावे.

सांगलीच्या तुरुंगाबद्दलही एक प्रश्न ठेवा. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीच्या गणेशदुर्गातील तुरुंग फोडून बाहेर पडले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा झाले, आणि दादा स्वतः गोळी लागून जखमी अवस्थेत पकडले गेले. दादा पुढे मुख्यमंत्री झाले म्हणून त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्या दिवशी प्राण गेले ते पत्रावळे आणि जाधव यांचे. प्रश्न त्या दोघांच्या नावांचा ठेवावा. हा तुरुंग संस्थानी होता, हेही लक्षात घ्या. औंधच्या हद्दीत कार्यकर्त्यांना आसरा मिळत होता आणि सांगलीच्या संस्थानी तुरुंगात मात्र त्यांना डांबले जात होते. सगळी संस्थाने एकाच मापाने मोजता येत नाहीत.

स्त्रियांबद्दल विचारलेत, तर पहिले नाव हौसाताई पाटील यांचे घ्यावे. त्या नाना पाटलांच्या कन्या, परंतु त्यांची ओळख तेवढीच नाही. भवानीनगर येथील पोलीस ठाण्यातील शस्त्रे मिळविण्यासाठी कार्यकर्त्यांनी नवरा-बायकोच्या भांडणाचा बनाव रचला. त्यात मार खाणाऱ्या बायकोची भूमिका हौसाताईंनी केली आणि पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले तेव्हा इतरांनी आतल्या बंदुका ताब्यात घेतल्या. त्यांना तो मार खरोखरच सोसावा लागला होता. २३ सप्टेंबर २०२१ रोजी त्यांचे निधन झाले, म्हणजे आपल्या स्पर्धेतल्या मुलींच्या जन्मानंतरही त्या हयात होत्या. सांगलीच्या राजमती बिरनाळे आणि कासेगावच्या इंदुताई पाटणकर ही आणखी दोन नावे. ‘भूमिगत चळवळीत काम केलेल्या आपल्या भागातील कोणत्याही दोन स्त्रियांची नावे आणि त्यांची गावे सांगा’ असा प्रश्न मुलींना नक्की आवडेल.

निवृत्त इतिहास शिक्षक, कराड

ध्वजाबद्दल मी लिहितो. तासगावला १९४२ साली जो तिरंगा चढला किंवा वडूजला घार्ग्यांच्या हातात जो होता, तो चरख्याचा ध्वज होता. अशोकचक्र असलेला राष्ट्रध्वज संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला. शाळांच्या चित्ररथांत आणि भित्तिपत्रकांवर १९४२ च्या मोर्चात अशोकचक्राचा झेंडा रंगविलेला असतो. तेव्हा दोन चित्रे शेजारी ठेवून ‘यांतील कोणता ध्वज तासगावच्या कचेरीवर चढला असेल, आणि का?’ असे विचारावे. लाल किल्ल्याबाबत असे की पंडित नेहरूंनी तेथे प्रथम ध्वज फडकविला तो १६ ऑगस्ट १९४७ रोजी. १५ ऑगस्टला तेथे ध्वजारोहण करण्याची प्रथा त्यानंतरची आहे.

प्रजासत्ताकदिनासाठीही हाच संच वापरणार असाल तर माझ्या गावाचा एक प्रश्न त्यात घाला. काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केल्यावर २६ जानेवारी १९३० हा दिवस देशभर स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला गेला, आणि संविधान अमलात आणण्यासाठी पुढे तीच तारीख निवडली गेली. २६ जानेवारी १९३२ रोजी कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या यशवंतरावांनी शाळेच्या आवारात तिरंगा लावला आणि त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. ज्या वयाची मुले आपल्या स्पर्धेत बसतात त्याच्या आसपासच्या वयाचा हा विद्यार्थी होता. एवढे सांगितले की ही तारीख वेगळी पाठ करावी लागत नाही.

नाना पाटलांवर आणखी एक प्रश्न हवा असेल तर स्वातंत्र्यानंतरचा घ्यावा. ते १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेवर निवडून गेले. मराठवाड्यातल्या मतदारांनी कृष्णाकाठच्या माणसाला आपला प्रतिनिधी म्हणून पाठविले, ही घटना फार कमी जणांच्या लक्षात असते.

सातारा शहरातून

वरील चर्चेत सगळा भर १९४२ नंतरच्या काळावर आहे. साताऱ्याचा लढा त्याच्या शंभर वर्षे आधी सुरू होतो, म्हणून हे लिहीत आहे. १८३९ मध्ये इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठविले आणि त्यांचे बंधू शहाजी उर्फ अप्पासाहेब यांना गादीवर बसविले. प्रतापसिंहांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तेथे राहून कंपनीच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत राहिले. इकडे १८४७ मध्ये महाराजांचा काशीतच अंत झाला. एप्रिल १८४८ मध्ये अप्पासाहेब निवर्तल्यावर डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि राज्य खालसा केले. दत्तक नामंजूर करून राज्ये गिळण्याच्या त्याच्या धोरणाचा पहिला बळी सातारा होता. मुलांच्या पुस्तकात झाशी येते, पण सातारा तिच्या आधी गेला.

सांगलीकरांनी ८ मार्च १९४८ ही तारीख दिली आहे. तिच्यापुढे १८४८ ठेवून पाहा. छत्रपतींची गादी खालसा झाली आणि पटवर्धनांची संस्थाने मात्र जवळजवळ शंभर वर्षे अधिक टिकली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी सातारा इंग्रजी जिल्हा का होता आणि सांगली संस्थान का होती, याचे उत्तर या दोन तारखांमध्ये आहे. ताईंचा मूळ प्रश्न याच जोडीने विचारला तर तो दहावीच्या मुलांसाठी अंतिम फेरीचा प्रश्न होऊ शकेल.

लंडनहून हात हलवीत परतलेल्या रंगो बापूजींनी १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव केली. ती उघडकीला आली आणि ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा जणांना मृत्युदंड देण्यात आला. पाच जणांना फाशी दिले गेले, सहा जणांना तोफेच्या तोंडी दिले गेले आणि सहा जणांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम हाही होता. स्वतः रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. ‘सतरा हुतात्मे कोठे झाले?’ या प्रश्नाचे उत्तर ‘सातारा’ इतके ढोबळ स्वीकारू नये. गेंडामाळ हे नाव आले तरच गुण द्यावेत. आपल्या वाचनालयाची सहल साताऱ्याला येणार असेल तर मुलांना आधी गेंडामाळावर न्यावे आणि मग ‘चार भिंती’ या टेकडीवरील स्मारकाकडे चढावे. येण्यापूर्वी येथे कळविल्यास आम्ही काही जण सोबत येऊन तेथील माहिती आनंदाने सांगू.